आठवा नमुना कोणाच्या हातचा?

गोदे, पेटी उघडली. रागावू नको.

पोरगी तेरावं आटोपून सासरी गेली. घरात मी आणि माग, दोघंच उरलो. मागाशी बोलायची सवय तुला होती, मला नाही. मग दुपारी बसल्या बसल्या पेटी उघडली. किल्ली माझ्याच करगोट्याला. चार वर्षांआधी तुझा नमुन्यांचा पट्टा त्या पेटीत टाकून कुलूप घातलं ते मीच, आणि त्या दिवसापासून अंघोळीलाही किल्ली सोडली नाही, हे तुला माहीत आहे. पट्टा तसाच गुंडाळलेला होता. खाटेवर उलगडला आणि मोजत गेलो. कुलूप घातलं तेव्हा त्यावर नमुने सात होते. आता आठ आहेत.

दुसरीतून शाळा सोडली म्हणून आठपर्यंत मोजता येत नाही असं नाही. तीनदा मोजले. आठच.

आणि आठवा तुझ्या हातचा नाही. पट्ट्यावर शिवला आहे तूच, ते बारीक टाके तुझेच. पण विणला दुसऱ्या कोणी. तुझा ठोका मला कळत नाही का? तू फणी मारायचीस ती अशी की कापड ताठ उभं राहावं. पोरगी म्हणायची, आई मागावर राग काढते. आठव्या नमुन्याचा ठोका मऊ आहे. भीत भीत मारलेला. आणि डावी किनार आत ओढली गेली आहे, उजवी मोकळी. आपल्या विणकरांच्या पुऱ्यात असं कोणी विणत नाही.

कुलूप धड. किल्ली माझ्याकडे. मग पट्टा बाहेर निघाला कसा, आणि मी घरी नसताना आपल्या मागावर बसलं कोण? पंधरा दिवस झाले, रडायचं सोडून हेच डोक्यात फिरून राहिलं आहे. लोक समाचाराला येतात, मी मान हलवतो, आणि नजर त्यांच्या धोतराच्या किनारीवर.

ते यंत्र आलं तेव्हाची गोष्ट आठव. आपलं सरकार तेव्हा नागपुरात बसायचं. विणकर सोसायटीनं चार डॉब्या मागवल्या, त्यातली एक आपल्या मागावर चढली. खात्याचे साहेब दाखवायला आले. बोटभर रुंद लाकडी फळ्यांची माळ, प्रत्येक फळीला ओळीनं भोकं. भोकात खुंटी बसवली की त्या जागचे दोरे वर उचलले जातात, रिकामं ठेवलं की खालीच राहतात. मधून धोटा पळतो. मग पुढची फळी, पुढचे दोरे. काठावरची नक्षी आपण आजवर बोटांनी दोरे उचलून काढत होतो, डोळे पाण्यानं भरेपर्यंत. ते काम आता खुंट्या करणार. तू दारातून पाहत होतीस. म्हणालीस, "ही तं माळच हाय व माय. जप करून राहिली."

साहेबानं तासभर दाखवलं. विचारलं, "समजलं?" सगळे म्हणाले, समजलं. कोणालाही समजलं नव्हतं. साहेब गेले. बाकीच्या तीन घरी त्या माळा खुंटीला टांगल्या गेल्या आणि त्यांच्यावर ओले पंचे वाळू लागले. आपल्याही घरी तेच झालं असतं, पण तू म्हणालीस, "ज्यानं केलं थो माणूसच असन नं? मंग कुठी तरी सांगून ठेवलं असन त्यानं, कसं चालवाचं ते. ते शोधा."

ते शोधण्यात आपली तीन वर्षं गेली.

साहेब एक पुस्तक ठेवून गेले होते, इंग्रजी. तू मला शाळेच्या मास्तरांकडे पाठवलंस. मास्तर भले माणूस. त्यांनी चष्मा पुसून पानभर वाचलं आणि मराठीत सांगितलं, "उचलणारा हा उचलावयाच्या वस्तूस उचलतो." मी म्हटलं, बरं, मग? मास्तर म्हणाले, मग पुढच्या पानावरही असंच आहे. त्यांना इंग्रजी येत होतं, माग येत नव्हता. आपल्याला माग येत होता, इंग्रजी नाही. पुस्तक आपलं मधे पडलेलं.

पण शेवटच्या पानांवर चौकटी होत्या, काळ्या आणि पांढऱ्या. त्या तू ओळखल्यास. काळी म्हणजे खुंटी, पांढरी म्हणजे रिकामं भोक. त्याला इंग्रजी लागत नाही. पहिलं चित्र कळसाच्या काठाचं, एकापुढं एक देवळाचे कळस. मी खुंट्या ठोकल्या, ताणा लावला आणि विणायला बसलो.

हातभर झालं तेव्हा तू वाकून पाहिलंस. "आवं, कळस उलटे दिसून राहिले. शेंडा किनारीकडे गेला."

मी म्हटलं, "आपून कापड पालथं विणतो का नाई? सुलटी बाजू खाली हाय. इकून उलटं दिसते म्हंजे तिकून सुलटं असन."

"उलटून तं पाहा."

"मले शिकवू नको म्हटलं नं."

नऊ वार विणलं गोदे. नऊ वार! मागावरून उतरवलं, उलटलं, आणि कळस तसेच. शेंडे खाली, पाया वर. कापड पालथं केलं म्हणून कळस उभा राहत नाही, हे कोणत्याही शहाण्या माणसाला कळतं. मला लुगडं पूर्ण झाल्यावर कळलं. खोट अशी होती की पुस्तकातलं यंत्र उजव्या अंगाला बसवायचं होतं आणि आपलं डाव्या. भोकं दुसऱ्या टोकाकडून मोजायला हवी होती. एवढीशी गोष्ट, पण ती सांगणारं कोणी नव्हतं.

उलट्या कळसाचं लुगडं कोणती सवाशीण घेईल? ते तूच नेसलीस, सणावाराला सोडून, चांगली पाच-सहा वर्षं. आणि पाण्याला निघालीस की मला ऐकू येईल असं म्हणायचीस, "चला, माह्यी देवळं डोक्यावर उभी हायेत, पडाच्या आत येते."

मग अकोला. कोणी सांगितलं, जठारपेठेच्या मागल्या गल्लीत हुसेनमियाँ म्हणून बुढा कारागीर आहे, वाटेल ती नक्षी खुंट्यांवर चढवतो. बडनेऱ्याला गाडी बदलून आपण दोघं गेलो. आपण दारात दिसताच त्यानं फळ्यांच्या माळेवर पोतं टाकलं. चहा पाजला, पाऊसपाण्याचं विचारलं, माग थांबवला नाही, आणि पोतंही काढलं नाही. मी आतल्या आत जळत होतो. तू बाहेर ओट्यावर, भिंतीला पाठ लावून बसलीस. मला वाटलं थकलीस.

निघताना बुढ्याची नजर तुझ्या पदरावर गेली. पदराला गाठीच गाठी. त्यानं विचारलं, "बाई, ये क्या है?"

तू खाली पाहून सांगितलंस, "दोरे जास्त उचलले का तुमचा माग जड वाजते. जड वाजला का मी गाठ मारली. चोवीस ठोक्यांनी तेच तेच परत येते."

बुढा एकदम हसायला लागला. हसता हसता खोकला. "मियाँ," मला म्हणाला, "मैं पोतं डालता रहा आँखों पे, ये कान से ले गई." मग बसवलं आपल्याला परत. म्हणाला, "मेरी खुंटी मत पूछो, वो मेरे माग की है. बना हुआ कपड़ा लो. उल्टा करो. एक एक धागा उधेड़ो, और लिखते जाओ कौन ऊपर था, कौन नीचे. मुझे भी किसी ने नहीं सिखाया. ऐसे ही सीखा."

परतीच्या गाडीत मी बडनेऱ्यापर्यंत त्याला शिव्या दिल्या, पोतं टाकलं म्हणून. तू खिडकीबाहेर पाहत होतीस. म्हणालीस, "त्यानं सगळं देलं, तुमाले दिसलं नाई."

त्यानंतर तुझ्याबरोबर कुठं जायची सोय राहिली नाही. बार्शीटाकळीच्या लग्नात तू अक्षता टाकल्या किती आणि पुढच्या बायकांचे पदर उलटून पाहिले किती! एका विहीणबाईनं हात झटकला. तू म्हणालीस, "राहू द्या बाई, चोरत नाई, वाचून राहिली." फाटकी लुगडी मागून आणलीस. मी उसवायचो, तू वर-खाली सांगायचीस. एका लुगड्याला महिना लागायचा. पण खुंट्यांवर चढवलेली पहिली मोरवेल आपल्या मागावर उतरली तेव्हा तू नाचलीस. हो, नाचलीस. मी पाहिलं. दार लावलं होतं म्हणून बरं.

तू मागावर बसू लागलीस तेही तेव्हाच. पुऱ्यात बायकांनी कांड्या भरायच्या, धोट्यासाठी सूत गुंडाळून द्यायचं, आणि माग पुरुषानं चालवायचा. तू बसतेस हे बाहेर सांगायचं नाही असं मी ठरवलं. तू ठरवलं नव्हतंस, ऐकलं फक्त.

मग पट्टा. मांजरपाटाचा लांब पट्टा, त्यावर वीतभर विणलेला एकेक नमुना शिवलेला, आणि शेजारी सुईनं काढलेल्या चौकटी. जिथं खुंटी तिथं काळा टाका. जिथून मोजायचं तिथं लाल टाका. अक्षर एकही नाही. ज्याला अ काढता येत नाही त्यालाही वाचता यावं असं. आणि सगळ्यांत वर, पहिला नमुना म्हणून, तू काय लावलंस? त्या नऊवारी लुगड्याचा तुकडा. उलटे कळस!

मी म्हटलं, "हे काढ."

"काहून काढू? जो नवा येईन, थो आधी हेच करन. म्हणून हे पयले."

तिथून भांडण सुरू झालं ते अजून संपलेलं नाही. तुझं म्हणणं, पट्टा सोसायटीच्या खोलीत टांगायचा, ज्याला शिकायचं त्यानं शिकावं. आणि आपल्याकडे कांड्या भरणारी सोनाबाई, तिला आधी मागावर बसवायचं. नवरा नाही, सासरचे विचारत नाहीत, किती दिवस कांड्याच भरणार? मी म्हटलं, आपण तीन वर्षं झक मारली ती काय फुकट वाटायला? आणि सोनाबाई मागावर बसली तर पुरा माझ्या तोंडावर थुंकेल. एकदा तिचा हात नुसता फणीला लागला तर मी कसा ओरडलो, तुला आठवत असेल. "कांड्या भर गुमान! मागाले हात लावू नको!" तिच्या हातातली कांडी खाली पडली आणि सूत अंगणभर गेलं. ती सूत गोळा करत होती आणि तू माझ्याकडे पाहत होतीस.

त्या रात्री तू जेवली नाहीस. सकाळी म्हणालीस, "त्या बुढ्यानं पोतं टाकलं तं तुमी बडनेऱ्यापर्यंत शिव्या देल्या. आता तुमी काय करून राहिले?"

मी उठून पट्टा पेटीत टाकला आणि कुलूप लावलं.

आता ऐक, मी काय शोधून काढलं. तूच शिकवलंस तसं केलं. पुढून काही दिसेना तेव्हा पेटी उलटी फिरवली. मागं दोन बिजागऱ्या. पत्रे गंजलेले, पण दोन्हींच्या खिळी चकचकीत, तेल लावलेल्या. ओढल्या तर नखानं निघाल्या. झाकण मागून उघडलं! कुलूप पुढं बिचारं तसंच लोंबतंय. चार वर्षं मी किल्ली कमरेला घालून हिंडलो आणि तू मागून ये-जा करत होतीस. खाटेवर बसून मी हसलो गोदे. तू गेल्यापासून पहिल्यांदा. शेजारचे धावत आले, बुढ्याचं डोकं फिरलं म्हणून.

राहिला हात. सोसायटीत माल जमा करायच्या दिवशी जाऊन बसलो आणि प्रत्येकाचं कापड उलटून पाहिलं. डावी किनार ओढलेली एकाचीही नाही. लोक म्हणाले, "काय गा दादा, काय पाहून राहिले?" म्हटलं, काही नाही. परत आलो. माग विकायचं मनात पक्कं केलं होतं. बडनेऱ्याचा एक जण मंगळवारी बैलगाडी घेऊन यायचा होता. मी आता कोणासाठी विणू? सोनाबाईला सांगितलं, मंगळवारनंतर येऊ नको, कांड्या लागणार नाहीत. ती "बरं दादा" म्हणाली आणि उरलेलं सूत संपवायला बसली. मी तिच्याकडे नुसता पाहत होतो. अकरा वर्षं ती या घरात कांड्या भरते आणि मी तिच्या हाताकडे कधी पाहिलं नव्हतं.

कांड्यांचा रहाट डाव्या हातानं फिरवते ती. डावरी आहे.

मी आठवा नमुना आणून तिच्यापुढं टाकला. "सोनाबाई, हे तुह्यं होय?"

ती उठून दाराकडे सरकली. "दादा, वहिनीनं बसवलं. म्या नाई म्हटलं होतं. तुमी मंगळवारी सुताले, दवाईले अकोल्याले जात, तवा…"

"ओरडत नाई. बस. सांग."

मग तिनं सांगितलं. पौषाचे दिवस, तू खाटेवरून उठत नव्हतीस. ताण्याच्या शेवटी हातभर उरतो, जो मी कापून टाकतो, तेवढा तिच्यासाठी ठेवायला लावलास. पट्टा तिच्या हातात दिलास आणि म्हणालीस, पहिल्यापासून वाच, आणि कळस उभे करून दाखव. मी एक शब्द सांगणार नाही. तीन मंगळवार लागले तिला. ती चुकायची, तुझ्याकडे पाहायची, आणि तू पदराचा बोळा करून दातांत धरला होतास.

"वहिनीले खोकला येत जाय," सोनाबाई म्हणाली, "तरी बोळा काढत नोती. म्या म्हटलं, वहिनी, एक डाव सांगा नं, कोणत्या टोकाकून मोजू? तं बोळा काढला अन् म्हणे, मी मेल्यावर का येईन तुले सांगाले? पट्ट्याले एकट्याले सांगता येते का नाई, मले ते पाहाचं हाय. अन् घातला परत तोंडात."

"मंग?"

"मंग म्या वरचे उलटे कळस पाह्यले. मनात म्हटलं, कोनी तरी इथं चुकलं हाय, अन् वहिनीनं मुद्दाम ठेवलं हाय. लाल टाका पाह्यला. तिकून मोजलं. उभे राह्यले."

"वहिनी काय म्हणे?"

"सुई मांगितली."

मी नमुना परत हातात घेतला. कळस उभे आहेत गोदे. वाकडे, मऊ, एके ठिकाणी फळी चुकलेली, पण शेंडा वर. तिला कोणी शिकवलं नाही. माझ्या नऊ वार मूर्खपणानं शिकवलं, आणि तुझ्या एका लाल टाक्यानं.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली आणि ती लिहिल्याशिवाय हा कागद पुरा होत नाही. मी कुलूप मेहनत फुकट जाईल म्हणून लावलं नव्हतं. पुऱ्याला भिऊनही नाही. तसं ओरडलो, पण खरं ते नव्हतं. पट्टा टांगला असता तर सगळ्यांत वर माझी चूक टांगली गेली असती. येणारा जाणारा विचारणार, हे कोणी विणलं? एवढंच होतं. तुला हे कळलं होतं का? कळलंच असेल. तू प्रत्येक गोष्ट उलटून पाहायचीस. मग बोलली का नाहीस? भांडणात हे तोंडावर फेकलं असतंस तर मी एका घटकेत गप्प झालो असतो. तू ते हातात असून फेकलं नाहीस. हे मला आज कळतंय, आणि उपकार मानायला समोर कोणी नाही.

बडनेऱ्याचा माणूस मंगळवारी आला. गाडी रिकामी गेली.

पट्टा सोसायटीच्या खोलीत टांगला. खिळा मीच ठोकला. पहिल्याच दिवशी एका जणानं विचारलं, "दादा, हे कळस खाली डोकं काहून?" मी म्हटलं, "म्या विणले. नऊ वार." सगळे हसले. हसू दिलं. त्यात मरण्यासारखं काही नव्हतं, चार वर्षं उगाच भ्यायलो.

सोनाबाई मागावर बसते. दार उघडं ठेवून. पुऱ्यात दोघं-तिघं बोलले, एकाला मी उत्तर दिलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. कांड्या आता मी भरतो. ढिल्या होतात. काल ती धोटा थांबवून म्हणाली, "दादा, ही कांडी पुन्ना भरा. सूत सुटून राहिलं." भरली मुकाट्यानं.

नववा नमुना चालू आहे. पट्ट्यावर नसलेला, तिचा तिनं जोडलेला, रुईच्या फुलांचा. मी म्हटलं, तुझ्यासारखंच करू, एक शब्द बोलायचा नाही. उपरण्याचा बोळा केला, दातांत धरला आणि समोर बसलो. चौथ्या फळीला तिनं खुंटी चुकवली. मला दिसली. मी बोळा गच्च धरला. पाचवी फळी गेली. सहावी गेली. सातव्या फळीला बोळा थुंकून ओरडलो.

तू तीन मंगळवार कशी बसली होतीस गं?